पहाडावरचं कांबळं

बा, परवा दवाखान्यात डॉक्टरांनी एका रोग्याच्या अंगावरची गोधडी ओढून फेकली, ती माझ्या पायांवर येऊन पडली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तू गेलास त्याला तीस उन्हाळे झाले असतील. एवढ्या वर्षांत तुला दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही. एक तर तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तुझ्यामाझ्यात सांगायचं काही राहिलंय असं मला वाटत नव्हतं. परवापासून वाटतंय.

सालेकशाच्या जंगलातला जंगलखात्याच्या साहेबाचा तो बंगला मला अजून डोळे मिटून फिरता येईल. आत छताला झालरीचा लांब पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या ओसरीवर आलेली, आणि दोरीचं टोक तुझ्या हातात. हात भरून आले की तू ती पायाच्या अंगठ्याला अडकवायचास. दारांना वाळ्याच्या तट्ट्या, माय त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायची. आत साहेब गारव्यात बसलेला, आणि बाहेर तुझ्या पाठीवर पश्चिमेचं ऊन. वारा तू करायचास आणि खायचा साहेबानं. मी भर दुपारी मीठ घातलेली पेज आणि कांदा घेऊन यायचे तेव्हा तू एका हातानं पेज प्यायचास, दुसरा हात चालूच. मी एकदा विचारलं होतं, "बा, तुले ऊन नाई लागत काय गा?" तू हसलास. "लागते ना वो. पण मी त्याले मुरवतो. लोणच्यावानी."

ती तुझी विद्याच होती. होळी झाली की पहिल्या दिवशी तू तासभरच उन्हात बसायचास, बाकी वेळ दुसरा गडी ओढायचा. मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचास. आणि रोज मनगट चाटून बघायचास, मलाही चाटायला लावायचास. पहिले काही दिवस घाम इतका खारट की तोंड वाकडं व्हायचं, सदऱ्यावर पांढरे डाग पडायचे. पंधराएक दिवस गेले की तोच घाम लवकर फुटायचा, भरपूर यायचा आणि जवळजवळ पाण्यासारखा लागायचा. "आता मुरलं," तू म्हणायचास, आणि मग पुरा वैशाख तुझं काही वाकडं करू शकत नसे. मला तेव्हा तो पोरखेळ वाटे. आता कळतं, ते तुझं शहाणपण होतं.

त्या वर्षी साहेब होळीआधीच थंड हवेच्या पहाडावर गेला. त्याचा घरगडी आजारी, म्हणून तुला सोबत नेलं. दीड-दोन महिन्यांत जंगलात वणवा लागला आणि साहेबाला परत यावं लागलं, तेव्हा वैशाख भाजून काढत होता. तू बैलगाडीतून उतरलास तो काखेत कांबळं घेऊन. लाल पट्ट्यांचं, मऊ, साहेबाच्या बाईनं दिलेलं. "तिथं चैतात दात वाजतेत वो माये," तू मला म्हणालास, "हे तुयं. कोणाले नोको देऊ." मायला हसू आवरेना, वैशाखात कांबळं! मी मात्र ते घामेजत अंगावर घेऊन गल्लीभर मिरवून आले. माझं स्वतःचं असं ते पहिलंच काही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू खानसाम्याला म्हणालास, "दोन-चार दिवस अर्धी पाळी द्या गा. यंदा ऊन मुरलं नाई." मी तिथंच होते. खानसामा म्हणाला, "अरे, तुमको तो आदत है!" ओसरीवरची सगळी माणसं हसली, आणि बा, तूही हसलास. एवढं सगळं जाणणारा माणूस चारचौघांत लाजला आणि दोरी धरून बसला.

दुपारी मी पेज आणते. तू वाटी घेत नाहीस. मनगट चाटतोस, पुन्हा चाटतोस. "काई चवच नाई," तू म्हणतोस. "घामच नाई येऊन राहिला वो." आणि मला आनंद होतो! घाम नाही म्हणजे माझ्या बाला उकडत नाही, असं मला वाटतं. थोड्या वेळानं दोरी सुटते, आतून साहेब ओरडतो. तुला उचलून आपल्या खोपटात आणतात तेव्हा तुझं अंग तव्यासारखं कोरडं आणि तापलेलं, आणि तू कुणाला तरी पहाडावरची वाट विचारतो आहेस. शेजारची म्हातारी म्हणाली, "ताप चढला. घाम काढा, घाम फुटला का उतरते." हे तर आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माय म्हणाली, "कांबळं आन." मी आणलं. दार लावलं. माय पायांशी बसली, मी खांद्यांशी, दोघींनी कडा दाबून धरल्या. घाम काही फुटला नाही. दिवस मावळायच्या आत तू गेलास.

मी शिकले, गोंदियाच्या दवाखान्यात लागले, पण माझी सगळी उमर बाळंतिणींच्या खोलीत गेली. पुरुषांकडे परवा माणूस कमी पडला म्हणून मला बोलावलं. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा एक गडी, महिनाभर आजारपणाच्या रजेवर सावलीत पडून होता, कामावर आला त्याच दिवशी कोसळला. कोरडं अंग, बरळणं, सगळं तेच. त्याच्या आईनं त्याला गोधडीत गुंडाळून आणलं होतं. डॉक्टर ओरडले, "कुणी घातली ही? मारायचाय काय त्याला?" मग मला म्हणाले, "बाई, बघता काय? ह्याचं अंग आता घाम करायचं विसरलंय. घाम आपण व्हायचं. पाणी मारा, वारा घाला." मी पाणी मारलं. ताडाचा पंखा घेऊन हात मोडेस्तोवर वारा घातला. पंखेवाल्याचीच पोर मी. दिवे लागायच्या वेळी त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं, आणि मी माठातून पेला भरून आणला. बा, आपल्या घरात माठ भरलेला होता. बंगल्याच्या ओसरीवर मायची तट्ट्यांवर पाणी मारायची बादली होती. वारा करणारी माणसं आपण. साहेबाची दारं भिजवायची अक्कल आम्हाला होती, आणि तुला मात्र आम्ही दार लावून लोकरीत कोंडलं. मला अजून हे खरं वाटत नाही.

काल मायकडे गेले. म्हटलं, सांगून टाकावं. ती आता फार थकलीय, उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते. तेच कांबळं पांघरून बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, "एवढीशी होती, पण बापाच्या अंगावरचं पांघरूण तिनं सरकू नाई देल्लं." तीस वर्षं ती हेच कौतुकानं सांगते आहे. मी चहा प्याले आणि परत आले. हा कागदही कुठं धाडायचा? पेटीत ठेवते.

पण एक गोष्ट मायलाही माहीत नाही. माय काढा करायला चुलीशी उठली तेव्हा तू ते कांबळं दोनदा पायानं ढकललंस. दुसऱ्यांदा माझ्याकडे नीट बघून "नोको" म्हणालास. ते बरळणं नव्हतं, मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी दाबून धरलं, कारण मला राग आला होता. माझ्यासाठी आणलेलं कांबळं मी तुला दिलं, आणि तू ते लाथेनं उडवतोस म्हणून.