तळाची खरवड

स्कारबरो, कॅनडा,
ऑगस्ट २००९

प्रिय आई,

इथूनच वाकून जय ख्रिस्त!

आम्ही मजेत आहोत. रॉयची नोकरी अजून तरी चालू आहे, तू काळजी करू नकोस.

पाएया म्हणजे स्पॅनिश लोकांचा कोळंबीचा भात. त्याची ती परातीएवढी कढई मी घेतली. स्टोव्हवर मावेना, म्हणून बॅकयार्डसाठी गॅसचा मोठा बर्नरही आणला. रॉय म्हणाला, "चार माणसांना एवढी?" दुकानात माप बघताना मी आपल्या तिकडच्या घरची सगळी माणसं धरली होती गं.

पहिल्याच दिवशी घासून ओली ठेवली, तर सकाळी गंज! मग तुझ्या बिडाच्या तव्यासारखी पुसली, तापवली, तेलाचा हात फिरवला. आता काळीभोर झाली आहे.

काल तळाला छान खरवड धरली. ते स्पॅनिश लोक ती मुद्दाम धरू देतात. मुलं म्हणाली, "मॉम, इट्स बर्न्ट!" लहानपणी मी आणि कॉस्मस तिच्यासाठी उलथनं ओढत भांडायचो. काल सगळी मलाच मिळाली, कुणी हिसकावलीच नाही.

कॉस्मसही दुबईला गेला. आता तू एकटीपुरताच भात टाकत असशील. त्याला खरवड तरी धरते का गं?

तुझीच खादाड,
लिनेट