दहावी केस

आत्या,

तुला जाऊन तीस वर्षं होत आली. तुझ्यावर मी अकरा पानं लिहिली होती, इंग्रजीत, टाइप करून. ती तुला कधी वाचून दाखवली नाहीत. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, म्हणून निदान हे तरी मराठीत लिहावं म्हटलं. आपली घरातली मराठी मला लिहिता येत नाही. शाळेत तमिळ होती, बंगळूरला इंग्रजी, आणि ही पुस्तकी मराठी मी मागाहून शिकलो. तू हसली असतीस.

कुंभकोणमचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू सरपणसुद्धा धुवायचीस. ओली लाकडं पेटत नसत, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि अप्पा वैतागायचे सोडून पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या अक्काचं सोवळं चोळपुरमपर्यंत धुंडा, मिळायचं नाही." नवे पैसे नुकतेच निघाले होते, तेही तू चिंच लावून घासायचीस. आम्ही हसायचो. विधवा बाईचं सोवळं जितकं कडक, तितका घराचा मान. आपल्या ब्राह्मण आळीतल्या, अग्रहारातल्या बायका तुझ्या पाया पडायला येत. त्या गेल्या की तू पुन्हा विहिरीवर. ओल्या लुगड्यातच तुझा दिवस जायचा, खोकत खोकत.

मी तेव्हा बंगळूरला मानसशास्त्राच्या डिप्लोमाला होतो. ही विद्या इतकी नवी होती की अप्पा लोकांना सांगत, मुलगा डॉक्टरकीसारखं काहीतरी शिकतो. गाईडनी दहा केसेस लिहून मागितल्या होत्या. त्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेटशिवाय स्वतंत्रपणे रोगी तपासायचा अधिकार नाही. नऊ झाल्या होत्या, दहावी मिळेना. सुट्टीत घरी आलो, पहिल्याच सकाळी विहिरीवर तुला पाहिलं, आणि काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात ते पटलं. दया नाही आली, आत्या. आनंद झाला. त्याच दिवशी गाईडना पत्र टाकलं आणि वही घेऊन परसातल्या पायरीवर बसायला लागलो.

आठवड्याने तू माझ्यापुढे येऊन उभी राहतेस. लुगड्यातून पाणी ठिबकतंय. हात पुढे करतेस. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या आहेत.

"कण्णा, अस्की लोक सोवळं म्हणतात. सोवळं नव्हे रे हे. धुतलं की वाटतं, धुतलंच नाही. हात थांबत नाहीत. तुझ्या पुस्तकात याला काही आहे काय?"

"आहे, आत्ये. पण मला अजून अधिकार नाही. सर्टिफिकेट येऊ दे, मग बघू."

"बरं," म्हणालीस. "लौकर आण."

घरात इतक्या वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं, आणि तू ते मोजक्या वाक्यांत सांगितलंस. मी ती वाक्यं इंग्रजीत उतरवून घेतली. सोवळ्यातली वस्त्रं तू काठीने उचलायचीस. मी परत निघालो त्या दिवशी मात्र परीक्षेला धोतर म्हणून नेसायला तिरुभुवनमची रेशमी वेष्टी तू काठी बाजूला ठेवून हाताने माझ्या हातात दिलीस. गाडीत बसल्यावर मी वहीत लिहिलं, 'लक्षणांत तात्पुरता उतार.'

परीक्षकांनी तुझी वाक्यं मोठ्याने वाचली. इतकी स्वच्छ केस क्वचित मिळते, म्हणाले. खोकला छातीत उतरल्याची अप्पांची तार आली त्याच आठवड्यात. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. सोवळ्यात गेली, पुण्यवान, असं लोक म्हणत होते, आणि अप्पा मान डोलावत होते. सर्टिफिकेट नंतर टपालाने आलं.

आज माझ्याकडे लांबून माणसं येतात. बरं वाटतं म्हणतात, पुन्हा येतात. माझा स्वतःचा या विद्येवरचा विश्वास कधीच उडाला आहे. हात पुढे करून कुणी समोर बसलं की मी खिडकीबाहेर बघतो. हे पत्र टाकणार कुठे, आणि कुणाच्या नावाने? कपाटात पडून राहील.

अधिकार नाही म्हणालो ते खोटं होतं, आत्या. गाईडचं उत्तर आदल्याच दिवशी आलं होतं: 'माझ्या देखरेखीखाली समजावणं आणि उपचार लगेच सुरू कर.' तू हात पुढे केलेस तेव्हा ते पत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. तू थोडी जरी सुधारली असतीस, तरी मला ती पानं पुन्हा लिहावी लागली असती.