चार मीटरांखालचा करडा थर

१४ मार्च, सकाळ

ताईस नमस्कार.

आई बरी आहे. डोळ्यांत औषध घालताना कुरकुरते, पण घालून घेते. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. परवा तू फोन केलास तेव्हा मी घरीच होते; मुद्दामच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहितेय.

तुझा पाणीयोजनेचा अहवाल वाचला. पान बावीस. ‘गाळाच्या अभ्यासानुसार हे तळं कधीही आटलेलं नाही.’ खाली माझं नाव.

लाज कशी नाही वाटली गं? मी लिहिलं होतं, ‘वरच्या दोन मीटरांत तळं आटल्याची खूण नाही. चार मीटरांवर मात्र ते सुमारे दीडशे वर्षं कोरडं पडल्याचं दिसतं.’ पहिल्या वाक्याचं मुंडकं उडवलंस आणि दुसरं सरळ गिळलंस.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर म्हटलं असतं, कळलं नसेल बिचाऱ्याला. पण तळ्याच्या तळात लांब नळी ठोकून गाळ काढला तेव्हा तू हौसेने सुट्टी घेऊन आठवडाभर माझ्याबरोबर तराफ्यावर होतीस. नळी उभी चिरली तेव्हा तो करडा, भेगाळलेला थर बघून तूच विचारलंस, “ही वाळू इथे कुठून आली गं?” नंतर सात महिने मी तो गाळ चिमूट चिमूट आम्लात धुतला, काचपट्ट्या केल्या, मान मोडेपर्यंत परागकण मोजले. थराच्या खाली कमळाचे, पाणवनस्पतींचे. थराच्या वरही तेच. आणि त्या करड्या थरात माळरानावरच्या झुडपांचे चार-दोन, तेही झिजलेले, फाटके.

मागच्या महिन्यात हे सांगितलं तर तू हसलीस. “चिखलबाई, जिथे परागच सापडत नाहीत तिथे पुरावा कसला?”

अगं, पाण्याखालच्या चिखलात पराग हजारो वर्षं टिकतात आणि उघड्यावर पडले की कुजतात. ते नाहीत, हाच पुरावा! हे तुला कळलं नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. मला गणित तूच शिकवलंस.

डोंगरापलीकडचं धरण बंद करून अख्खं शहर या एका तळ्यावर टाकायला निघाला आहात तुम्ही. पुन्हा तसा काळ आला तर लोकांनी पाणी कुठून आणायचं? तुझ्या पान बावीसमधून?

इथवर लिहून मी पत्र बाजूला ठेवलं आणि भांडी घासायला गेले. घासता घासता माझाच मला राग आला. तुला शिव्या घालणं सोपं आहे. जे लिहायचं ते अजून लिहिलेलंच नाही.

योजनेवरच्या जाहीर सभेच्या दिवशी जिन्यात तू माझा हात धरलास. “आज सांभाळून घे गं मला. अकरा वर्षं घातलीत मी या योजनेत.” मी मान डोलावली. मग सभागृहात जमलेल्या लोकांतून ती लॉन्ड्रीवाली बाई उठली आणि तुला नाही, मला विचारलं, “मॅडम, तळं कधी आटलं होतं का?” तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, “त्याबद्दल आत्ताच ठाम सांगता येणार नाही.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ती खाली बसली. तिने विश्वास ठेवला माझ्यावर.

सांगता येत होतं, ताई. सगळे आकडे माझ्या पिशवीत होते.

काल मी ते आकडे, थराचे फोटो आणि माझं मूळ टिपण योजनेची चौकशी करणाऱ्या समितीच्या कचेरीत देऊन आले. सभेत मी खोटं बोलले, हेही लिहून दिलं. तिथून लॉन्ड्रीत गेले. बाई इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी केली.

“तेव्हा का नाही बोललात?”

“समोर माझी बहीण होती.”

“बहिणी मलाही आहेत,” ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट पसरला. ‘बसा’ म्हणाली नाही. का म्हणावं?

समितीने गुरुवारी अकरा वाजता आपल्या दोघींना बोलावलं आहे. ते वाक्य कुणी कापलं असं विचारतील. मी तुझं नाव सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर मला बोलावं लागणार नाही. तेवढ्यासाठी हे पत्र आज तुझ्या दारात स्वतः टाकते आहे. बेल वाजवणार नाही.

आता तुला सांभाळून न घेणारी,
तुझी धाकटी