गावतळ्यातले मासे आणि मी

३ ऑक्टो.
सलीमभाई शाळेत आले. गावतळं त्यांनी मासे पाळायला घेतलंय. "मॅडम, शेवाळ जाळंच फिरू देऊन नाही राह्यलं. तुमी विज्ञान शिकवता, काय टाकू?" मोरचूद सांगितलं, मापासकट. हेडसर ऐकत होते. बरं वाटलं.

६ ऑक्टो.
शेवाळ सगळं मेलं, तळाला बसलं. स.भाई खूश.

९ ऑक्टो.
सकाळी मासे उलटे. रोहू, कटला, काठापर्यंत पांढरी पोटं. स.भाई गुडघाभर पाण्यात उभे. कोणीतरी म्हणालं, देवानंदनं काल इथं फवारणीचा पंप धुतला. देवानंद माझा वर्गमित्र, सातवीपर्यंत एकत्र शिकलो. "मायची आन, मी फक्त पाय धुतले!" कोणी ऐकेना.
मी तिथंच होते.

१० ऑक्टो.
सरपंचांनी पाणी तपासायला माझ्याचकडे दिलं. ऑक्सिजन जवळपास शून्य. औषधाचा वास, तवंग काही नाही. मेलेलं शेवाळ जिवाणू खातात, खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. एवढं एकदम मेल्यावर माशांना उरणार कुठून? थोड्याच भागात टाकायचं, थांबायचं, मग पुढे. माहीत होतं मला. रुबाबात तेवढंच सांगायचं राहिलं.
सरपंचांना म्हणाले, "अजून बघते."

१२ ऑक्टो.
गिरणीवर देवानंदची बायको. बाया तिच्याशी बोलेनात. मीही पीठ घेऊन मुकाट निघाले. शी.

१४ ऑक्टो.
तळ्यावर पुन्हा हिरवी साय. कुजलेल्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात मोकळं झालं, त्यावर नवं शेवाळ पोसतंय. हे चक्र आज फळ्यावर काढलं.

१५ ऑक्टो.
शाळा सुटल्यावर देवानंदकडे. सगळं सांगितलं.
"मंग त्या दिवशी काऊन बोलली नाही वं?"
"लाज वाटली."
"तुले लाज वाटली. अन् मले लोकं जहरवाला म्हणून राह्यले."
मी निघायला उठले.
"मले सांगून काय होते? चार लोकांत सांग."

१६ ऑक्टो.
ग्रामपंचायतीत बैठक. उभी राहिले. चूक माझी, देवानंदची नाही, एवढं तरी नीट बोलले. सलीमभाई माझ्याकडे न बघता उठून गेले. मागोमाग देवानंद.
खिडकीतून दोघं तळ्यावर दिसले, अंतर ठेवून उभे. बोलत होते की नाही, कळलं नाही. इथं आत मी उभीच होते, बसा म्हणायलाही कोणी...