पहिल्या ट्रकचा पाटा

प्रिय शालू,

माझी पहिली सुरी मला फुकटात पडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ट्रकच्या कमानीचा पाटा घरचा, कोळसा ओळखीचा, मजुरी स्वतःची. खरा हिशेब वेगळा आहे. तुझ्या आईची लोखंडी कढई गेली, कारण सुरीला पाणी द्यायचं तेल मी तिच्यात तापवलं. डाव्या अंगठ्याचं नख गेलं. भट्टीच्या धगीनं अंगणातल्या लिंबाची एक बाजू वाळली. आणि शेजारच्या दत्तोबाची दुपारची झोप गेली. यातलं नख तेवढं परत आलं. दत्तोबा अजून गेटच्या पलीकडूनच बोलतो. एवढं सगळं घालून जी सुरी झाली, ती तुझ्या आईनं एकदा कोबीला लावली आणि म्हणाली, "अहो, ही चिरत नाही. फोडते."

पण पत्र त्या सुरीबद्दल नाही. खंडेनवमीला हळदकुंकू लावून तुझ्या हातात दिली, त्या कटावणीबद्दल आहे. घाबरू नकोस, वाईट काही झालेलं नाही, उलट माझ्या डोक्यावरचा मोठा भार उतरलाय. फक्त हे वाचून होईपर्यंत ती आहे तिथंच राहू दे. गाडीत टाकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू "हो तात्या, हो तात्या" करत भांडी लावत असतेस, आणि ती भांडी मला तुझ्यापेक्षा जास्त ऐकू येतात.

माझे कान तुला माहीत आहेत. आपलं हडपसरचं घर या कानांवर उभं राहिलं. मार्केट यार्डात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे, तोंडातून अक्षर नाही. पण त्यांचे दिवाणजी चहाच्या टपरीवर एकमेकांना काहीतरी पुटपुटायचेच. ते ऐकून उद्या कुणाचा माल कुठं निघणार हे मला आजच कळायचं, आणि सकाळी माझा ट्रक त्या गाळ्यासमोर आधी उभा असायचा. लोक म्हणायचे सर्जेरावाचं नशीब जोरात आहे. मी म्हणायचो, देवाची कृपा.

गेल्या वर्षी शेवटचा ट्रक विकला आणि घरात बसलो. म्हणजे बसता येईना. तुझी आई झाडायला आली की मी पाय वर घ्यायचो, एवढंच काम उरलं होतं. मग तुझ्या संस्कृतीनं मोबाइलवर एक परदेशी माणूस दाखवला, दाढीवाला, जुन्या लोखंडातून जाडजूड सुऱ्या करणारा. मला वाटलं, हे तर आपल्याला जमेल. सगळ्या शिकाऊ माणसांना पहिल्या दिवशी तसंच वाटत असावं. लोखंड लाल झालं की आपण त्याला वाकवतो असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते आपल्याला वाकवतं. पहिली सुरी तेलात बुडवली ती केळ्यासारखी होऊन वर आली. दुसरीला धार आली पण तिची मूठ हातात गरगर फिरायची. तिसरी बरी झाली, ती एका ट्रेकिंगवाल्या पोरानं नेली आणि आठवड्यानं विचारायला आला की काका, हिचं वजन कमी होईल का.

मग मी कटावण्यांकडे वळलो. सुरीला नजाकत लागते. कटावणीला नुसता कणखरपणा लागतो, तो आपल्याकडे आहे, असं वाटलं. यार्डातल्या टेंपोवाल्यांना पेट्या उचकटायला, अडकलेले फाळके सोडवायला असं हत्यार लागतंच. प्रत्येकाला हवं तसं करून द्यायला लागलो. कुणाला टोक वाकडं, कुणाला खिळे उपसायची खाच, कुणाला आखूड. तुझ्या आईची मात्र करमणूक झाली. सकाळी पेपरात "कटावणीने कुलूप तोडून" असं आलं की मोठ्यानं वाचून दाखवायची आणि म्हणायची, "घ्या, गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला."

तुझी कटावणी मात्र विकाऊ कामातली नव्हती. आपला पहिला ट्रक भंगारात गेला तेव्हा त्याच्या कमानीचे पाटे मी काढून ठेवले होते. त्या ट्रकच्या केबिनमध्ये तू शाळेचा अभ्यास केलेला आहेस. त्यातला सगळ्यात जाड पाटा घेतला, मधोमध कापला आणि दोन कटावण्या केल्या, एक तुला, एक मला. तू त्या बचाव पथकात जातेस, घाटात कोसळलेल्या गाड्यांची दारं उचकटून माणसं बाहेर काढतेस. मला त्याचा अभिमान आहे आणि भीतीही वाटते, आणि दोन्ही तुला कधी सांगता आलं नाही. म्हटलं, निदान हातात तरी आपलं काहीतरी असावं. पाणी दिलं, भट्टीच्या कडेला पुन्हा शेकून घेतली, हातोडीनं ठोकून कानाजवळ धरली. असा खणखणीत आवाज मी ट्रकच्या आयुष्यात ऐकला नव्हता.

खंडेनवमीला सगळे जमले होते तेव्हा आनंदराव बिचारे सहज म्हणाले की पथकासाठी चांगल्या कंपनीच्या कटावण्या मिळतात. मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. भरल्या घरात म्हणालो, "जावईबापू, माझी लेक बाजारातलं हत्यार हातात धरणार नाही. हा पाटा पंचवीस वर्षं कांदा पेलून आहे." सगळे हसले, तू नमस्कार केलास, आणि मी पुढचे पाच महिने यार्डात ज्याला त्याला सांगत सुटलो की आपली कटावणी घाटात माणसं वाचवते. तुला विचारलं की तू म्हणायचीस, "भारी आहे तात्या." मी ते कौतुक समजलो.

होळीच्या आधीच्या शनिवारी मी यार्डात पोपटशेठच्या कांद्याच्या गाळ्यावर गेलो होतो. त्यांच्या टेंपोचा मागचा फाळका अडकला होता, आत माल, हमाल खोळंबलेले. मी गाडीतून माझी कटावणी आणली. चार माणसांना बाजूला केलं, टोक फटीत घातलं आणि अंग टाकलं. काडकन आवाज आला. मी पुढच्या पुढं फाळक्यावर आदळलो, आणि तुटलेला तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या शटरवर बसला. शटरला खड्डा पडला. पोपटशेठ म्हणाले, "सर्जेराव, कान थोडक्यात वाचला, नाहीतर तुमचा सगळा धंदा त्याच्यावर." हमाल हसले. मीही हसलो असतो, पण तोवर मी तुटलेली बाजू बघितली होती. अर्धी बाजू नव्या पत्र्यासारखी लखलखीत होती, ती आत्ता तुटलेली. उरलेली अर्धी काळी, तांबूस, गंज चढलेली. म्हणजे ती चीर त्या पाट्यात कधीपासूनच होती. मी तिला तापवलं, ठोकलं, घासून चकचकीत केलं आणि आत तशीच ठेवली.

आणि त्याच पाट्याचा दुसरा अर्धा तुझ्याकडे होता. त्या सकाळी ग्रुपवर तुझा मेसेज होता, घाटात गाडी खाली गेलीय, निघतोय.

तुला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मला दिसत होतं ते एवढंच, की तू कुठल्यातरी चेपलेल्या दाराशी ओणवी झालीयस, आत माणूस आहे, आणि तू अंग टाकतेयस, जसं मी टाकलं होतं. माझ्या कानाजवळून जे गेलं ते तुझ्या तोंडासमोर असतं. मग घरी लावला, आनंदरावांनी उचलला. म्हणाले, "शालू सकाळीच गेली, बोला ना." पथकाला निरोप द्या, कुणाला तरी पाठवा, असंच काहीतरी म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांच्या मागं वाऱ्यानं दार आपटलं, आणि संस्कृती ओरडली, "बाबा, तात्यांची कटावणी सरकली, दार परत आपटतंय." आनंदरावांनी घाईघाईनं फोनवर हात ठेवला. पण बाळा, हात ठेवून काय होतंय. त्यांचं दबकं बोलणंही ऐकलं मी: "हळू बोल, तात्या आहेत फोनवर. पायानं सरकव."

मी तिथंच कांद्याच्या गोणीवर बसलो. आनंदरावांनी पुन्हा विचारलं, "काही काम होतं का?" मी म्हणालो, "नाही, ज्वारी पाठवायची होती, संपली असेल तर." मग फोन ठेवला आणि हसायला लागलो, आणि थांबता येईना. पोपटशेठनी पाणी मागवलं. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागलाय. खंडेनवमीपासून माझं हत्यार तुमच्या गॅलरीच्या दाराला टेकण म्हणून होतं, आणि आयुष्यात कुठला अपमान मला इतका गोड लागला नव्हता. संध्याकाळी तुझा फोन आला, दोघांना बाहेर काढलं म्हणालीस, दोघं जिवंत आहेत. मी म्हणालो, "छान," आणि फोन तुझ्या आईकडं दिला.

तुटलेले दोन तुकडे घेऊन मी अभयकडं गेलो. इथं औद्योगिक वसाहतीत त्याची पोलाद तापवायची भट्टी आहे, तुझ्या वयाचाच आहे, इंजिनीअर. तुकडा बघताच त्यानं विचारलं, "काका, या पाट्यानं वजन किती घेतलं असेल?" मी नेहमीच्या तोऱ्यात सांगितलं, कागदावर नऊ टन, पण आपण पंधरा भरायचो, कधी तक्रार नाही. तो म्हणाला, "तक्रार केली असणार, काका. आतल्या आत." मी त्याला आवाजाचं सांगितलं, किती खणखणीत होता ते. म्हणाला, "आवाज बारीक चीर सांगेलच असं नाही. सांगितलं तरी आजचं सांगतो. उद्याचं नाही." आणि मग पुस्तकातलं बरंच काही, त्यातलं मला एवढंच कळलं की जो पाटा मी सगळ्यात दणकट समजून निवडला, तो सगळ्यात दमलेला होता, आणि दमवणारा मीच होतो. दुसरा कुठलाही माणूस नवी सळई विकत आणून कामाला लागला असता. आम्हा ट्रकवाल्यांना मात्र वाटतं, ज्यानं आजवर ओढलं तो पुढंही ओढेल.

नंतरच्या रविवारी मी तुमच्याकडे आलो तो हे सांगायलाच. आलो तर कटावणी तेल लावून पुसलेली, तुझ्या पथकाच्या बॅगेत दोराच्या वेटोळ्यावर मानानं ठेवलेली. तिघांपैकी कुणाची ही कल्पना मला माहीत नाही. गॅलरीच्या दाराशी फरशीवर तिचा लांबट डाग तेवढा पुसायचा राहिला होता, मी चप्पल तिथंच काढली. संस्कृती माझ्याकडे बघायची, मग तुझ्याकडे, मग पोहे खायची. मैत्रिणींना तिनं सांगितलंय म्हणे, आमचे तात्या आईची हत्यारं करतात. त्या पोरीसमोर मला काही बोलता आलं नाही. तुम्ही मला इतकं सांभाळून फसवत होता की ते मोडायला जीव होईना. आणि निघताना लिफ्टपाशी तू माझा हात धरून म्हणालीस, "तात्या, आतापर्यंत जड म्हणून राहून गेली. पण पुढच्या कॉलला नक्की नेणार."

शालू, तेवढ्यासाठी हे पत्र. तू शब्दाची पक्की आहेस, माझ्यासाठी म्हणून ती चार किलोची धोंड घेऊन घाटात उतरशील, आणि ती मोडेल. नेऊ नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून लिहितो, मला वाटलेलं नाही. ती परत दाराला लाव, माझ्यासमोरसुद्धा लाव. पंधरा टनांनंतर वाऱ्याचं काम तिला झेपेल. मी भट्टी बंद केलेली नाही. अभयकडून नव्या सळया आणतो, सुऱ्या करतो, परवाच्या सुरीनं तुझ्या आईनं कोबी चिरला आणि काही बोलली नाही, यावरून काय ते समज. पण जिच्यावर कुणाचा जीव टांगायचा, अशी कटावणी मला अजून येत नाही. हे पत्र घेऊन जो पोपटशेठचा ड्रायव्हर आलाय, त्याच्याकडं एक लांबट पार्सल आहे. ते आजच बॅगेत ठेव. वजनाला निम्मी आहे, हातात नीट बसते, मी दुकानात धरून बघितली. मुठीवर नाव माझं नाही, कंपनीचं आहे. बोहरी आळीतून विकत आणली.

तुझाच,
तात्या