खोक्यातला हीटर

३ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस आईकडे आले आहे. तिचं घर हिवाळ्यासाठी तयार करायचं काम यंदाही माझ्याच गळ्यात. खिडक्यांच्या फटींत जुन्या चादरींच्या पट्ट्या ठासल्या, दारांखाली कापडाच्या गुंडाळ्या लावल्या, जाड पडद्यांना ऊन दाखवून ते टांगले. शिंपिणीच्या घरी चिंध्यांना काय तोटा, म्हणून आई हसते.

तिची खोली मात्र काही केल्या उबत नाही. भिंतीतली शेगडी तू विटांनी बुजवलीस, तेव्हापासून ती भिंत गारढोण असते. आणि त्या बदल्यात तू आणून दिलेला हीटर कुठे सापडला, सांगू? तुझ्या खोलीत, पलंगाखाली, खोक्यात. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. मी जाब विचारला तर म्हणाली, की तो बारक्यासाठी ठेवलाय, तो आला की लावू. अरे, सहा हिवाळे झाले! दर वर्षी मी विचारायचे आणि ती थंडी वाढली की काढते म्हणायची. मीही विश्वास ठेवून परत जायचे, याचंच वाईट वाटतं.

शेगडी पुन्हा उघडायला हवी. इथला गवंडी म्हणतो, ज्याने बुजवली त्यानेच उघडावी, उगाच धुराडं फुटायचं. तेव्हा तूच ये.

लोभ आहेच. यंदा त्याच्यासोबत माणूसही दिसावा.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर हातात थापी धरवेना. त्या वर्षी शेगडीतली ठिणगी सतरंजीवर पडली होती, आठवतं ना? मी दुसऱ्या दिवशी निघणार, आई घरात एकटी राहणार, म्हणून घाईघाईने एका सकाळीत विटा लावल्या. तिला विचारलंही नाही. म्हटलं, गवंड्याच्या आईने विस्तवापाशी जीव मुठीत धरून का बसावं? करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तिला म्हणावं, हीटर आजच लाव. इथे शाळेच्या इमारतीचं काम चालू आहे आणि थंडी वाढायच्या आत भिंती उभ्या व्हायला हव्यात. महिनाअखेरीस नक्की येतो, आईलाही तसं कळवलंय. दर वर्षी हेच लिहितो, हे तू सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो.

राग गिळून लोभ ठेवावा.

तुझा,
बारक्या


१८ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

ताईने चहाडी केलीच म्हणायची. हीटर लावलाय, निर्धास्त अस. तुझ्या खोलीत लावलाय. सहा वर्षं बंद असलेली खोली, भिंतींना ओल धरते. तू यायच्या आधी आठ-दहा दिवस तरी तापायला हवी. ताईला कळवू नकोस, पुन्हा माझी शाळा घेईल. मला जरासा खोकला आहे, त्याचं काय, येतो नि जातो.

शेगडीची रुखरुख लावून घेऊ नकोस. तू विटा लावत होतास तेव्हा मी दारातच उभी होते. नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण निघायच्या तोंडावर वाकडं कशाला, म्हणून गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं. निम्मी चूक माझी आहे.

सावकाश ये, पण ये.

तुझी,
आई


१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिनाअखेरीचा शब्द यंदाही मोडला, दहा दिवसांनी. तेवढ्यात आईचा खोकला छातीत उतरला आणि तिला तुझ्या घरी हलवायची वेळ आली. परवा तुझ्याकडे तिला पाहिलं, तेव्हा यातलं काही बोलवलं नाही. म्हणून लिहितोय.

काल घराचं कुलूप काढून आधी माझ्या खोलीत गेलो. तुमच्या निघायच्या गडबडीत हीटर बंद करायचा राहिला होता. खोली छान उबदार, गादीवर धुतलेली चादर. समोर आईची खोली, तिच्यात पाय ठेववत नव्हता इतकी गार. तिथेच दारात बसून रडलो.

डॉक्टरांनी तिला लाकडाचा धूर कायमचा वर्ज्य केलाय. तरी मी निघताना ती म्हणाली होती, की शेगडी तेवढी उघड. आज उघडली. धुराडं शाबूत आहे. विटा मी इतक्या घाईने लावल्या होत्या, की दुपारच्या जेवणाआधी सगळ्या निघाल्या. सहा वर्षं पुढे ढकललेलं काम, ताई, अर्ध्या दिवसाचं होतं. जाळ करून पाहिला. धूर सरळ वर गेला, भिंत तापली, पलंगापर्यंत ऊब आली. जिच्यासाठी उघडली तिला मात्र आता तिथे बसता यायचं नाही. मी जाळ विझवला.

उद्या हीटर घेऊन येतो. तिच्या उशाशी लावू. ती विचारेल, मग बारक्याच्या खोलीत काय लावलंय. तिला सांग, त्या खोलीला कुलूप घातलंय आणि बारक्या हिवाळाभर तिच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपणार आहे. मुकादमाला कळवून टाकलंय.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू द्यावा.

तुझा,
बारक्या