त्या आठवड्यात कोणीच नाही

मंगळवार, ३ मार्च

प्रिय खुडबुड्या,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहिताना उगाच केस पांढरे झाल्यासारखं वाटतं, पण चार वर्षांनी का होईना मोठी आहे, तेव्हा घे. आई तुला गरम कपड्यांचं पार्सल पाठवते आहे, त्यात हे पत्र सरकवते. फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघं "बाकी काय?", "बाकी काही नाही" याच्यापुढे जात नाही, आणि तेसुद्धा तू उचललास तर.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. महिनाभर कुठल्याही पडद्याकडे बघायला डॉक्टरांनी बंदी केली होती, ती परवा उठली. आता तिला भिंतीवरचे सगळे डाग दिसायला लागलेत आणि ते सगळे माझ्यामुळे पडलेत असं तिचं ठाम मत आहे. तब्येत उत्तम, हे यावरून ओळख.

मी आहे तिथेच आहे. पद वाढलं, म्हणजे खुर्चीला हात आले. काम तेच. सध्या पुढच्या वर्षीच्या एका गेमची हवा करायचं चाललंय. गेम तयार नाही. तो कसा असणार हे बनवणाऱ्यांनाही अजून धड सांगता येत नाही. पण एका मिनिटाचा ट्रेलर मात्र झालाय. त्यात एक बाई कड्यावर उभी राहते आणि मागे वळून बघते. बस्स. ती बाई गेममध्ये आहे की नाही हे अजून ठरायचंय. गेल्या आठवड्यात तो ट्रेलर सोडला आणि संध्याकाळपर्यंत लाखो लोक ती बाई कोण यावरून एकमेकांच्या उरावर बसले. त्या भांडणात वेळेवर तेल ओतायचा मला पगार मिळतो. पूर्वी अशा दिवशी आम्ही टाळ्या वाजवायचो. आता मी डबा खाऊन घेते आणि डोकं टेबलावर ठेवून पाच मिनिटं पडते.

तुझं दवाखान्यातल्या टोकन यंत्राचं काम कसं चाललंय? आई सगळ्यांना सांगते, माझा मुलगा दवाखान्यात आहे. मग लोक घाबरून "काय झालं?" विचारतात.

आता कामाचं. आणि हे कामाचं आहे म्हणूनच मला लिहायचा धीर झाला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

स्वतः गेम खेळताना लोकांना दाखवणारा एक जण आहे, मिशीवाला. त्याला बघायला एका वेळी अख्खं गाव मावेल एवढी माणसं बसतात. मागच्या पंधरवड्यात त्याने तुमचा टेलिफोन एक्स्चेंजचा गेम, 'जोडून देते', उघडला. मुद्दाम नाही, दुसरा काहीतरी गेम बंद पडला म्हणून. वीस मिनिटं खेळला आणि मग बराच वेळ गप्पच बसला. तो गप्प बसलेला तुकडा आता सगळीकडे फिरतोय. आमच्या मोठ्या बाईंनी तो बघितला, गेमच्या शेवटची बनवणाऱ्यांच्या नावांची यादी बघितली, आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "हे तुझ्याच आडनावाचे कोण गं?"

मी सांगितलं.

त्यांचं म्हणणं असं की 'जोडून देते' पुन्हा नव्याने बाजारात आणायचा. ऑनलाइन दुकानांच्या पहिल्या पानावर जागा, नवा ट्रेलर, मिशीवाल्यासोबत दोन तासांचा कार्यक्रम, सगळं आमच्याकडून. त्यांना आई पण हवी आहे. खरी टेलिफोन ऑपरेटर, कानाला हेडफोन, हातात दोरी, कॅमेऱ्यात बघून "जोडून देते" म्हणणारी. आईला अजून विचारलेलं नाही. ती "साडी कुठली नेसू?" एवढंच विचारेल.

तुझा होकार लागेल. वीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत. गेम छानच आहे, चित्रं तर फारच सुंदर. ऑक्टोबरात त्याच्या वाट्याला यायला हवं होतं ते आलं नाही, वेळच तशी वाईट होती. आता येत असेल तर येऊ द्यावं असं मला वाटतं.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईच्या मते तू करतोसच.

ताई


बुधवार, ११ मार्च

प्रिय खुडबुड्या,

तुझा निरोप शनिवारी सकाळी फोनवर आला. "चालेल ताई. तू सांगशील तसं. तुला यातलं कळतं."

तू भांडशील अशी माझी अपेक्षा होती. निदान चार प्रश्न तरी विचारशील. पाच महिने तू बोलला नाहीस म्हणून मी मनात धरून चालले होते की तुला सगळं कळलंय आणि तू माझ्यावर चिडलायस. तुझा निरोप तीनदा वाचला तेव्हा उमगलं, तुला काहीच माहीत नाही. तू नुसताच खचला होतास.

म्हणून हे दुसरं पत्र. पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. त्यातली सोपी आधी सांगते.

'जोडून देते' मी तोवर खेळलेच नव्हते. चित्रं सुंदर आहेत हे मी दुकानाच्या पानावरचं एक चित्र बघून लिहिलं. तू पहिल्या दिवशी मला पाठवलास, मी "वा!" असं उत्तर दिलं आणि तो तसाच ठेवून दिला. आधी मोठ्या गेमची धावपळ, मग आईच्या डोळ्याचं निमित्त, तिच्यासोबतच बघू म्हणून. शनिवारी तुझा निरोप वाचल्यावर निमित्त उरलं नाही. दुपारी आईला शेजारी बसवलं आणि उघडला.

पहिली दहा मिनिटं आईने मला खेळूच दिलं नाही. "अगं, दिवा लागला की आधी विचारायचं कोण बोलतंय, मग दोरी खोचायची! अशी कशी धांदरट तू?" शेवटी तिनेच माउस ओढून घेतला. तिचे हात थरथरतात हल्ली, पण एकही दोरी चुकीच्या खाचेत गेली नाही. सावकार कोणाला फोन करतो, डॉक्टरीणबाई रोज कोणाची वाट बघते, सगळं तिला दुसऱ्याच दिवशी पाठ. गेममधल्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे.

आणि मग टेलिफोनच्या बोर्डाखाली बसून गणितं सोडवणारी ती मुलगी आली. फ्रॉकचा खिसा उसवलेली. सारखे प्रश्न विचारणारी. तिला उत्तर द्यावं तर वरचे फोन तुटतात, आणि नाही दिलं तर ती हळूहळू विचारायचं बंद करते.

आई म्हणाली, "ही तू आहेस."

तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, शेजारच्या काकूंकडे असायचास. एक्स्चेंजची ती खोली तू कधी पाहिलेली नाहीस. बोर्डाखाली कसला वास यायचा, आईच्या चपला कशा एकावर एक पडलेल्या असायच्या, हे तुला मीच सांगायचे, तू झोपत नव्हतास तेव्हा. तू ते सगळं लक्षात ठेवलंस आणि सहा वर्षं बसून बांधलंस. मी ते पाच महिने उघडलं नाही.

आता दुसरी गोष्ट. मी लिहिलं, वेळ वाईट होती. वेळ आपोआप वाईट झाली नाही.

ऑगस्टमध्ये तू फोन केला होतास. आठवतं? खुशीत होतास. "ताई, सोळा ऑक्टोबर नक्की केलीय. त्या आठवड्यात कोणी दांडगा येत नाहीये ना?" मी म्हणाले, "मोकळा आहे आठवडा. बिनधास्त ये." तेव्हा ते खरं होतं. आमचा मोठा गेम नोव्हेंबरच्या शेवटी यायचा होता, जगजाहीर होतं.

चार दिवसांनी मीटिंग झाली. नोव्हेंबरात दुसऱ्या कंपनीचा त्याहून मोठा गेम येतोय अशी खबर लागली होती, म्हणून आमचा अलीकडे ओढायचं ठरलं. बाईंनी विचारलं, "ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. त्यात कोण आहे?" त्या आठवड्यात येणाऱ्या गेमची यादी माझ्या हातात होती. ती यादी करणं माझंच काम. चाळीसेक नावं होती. तुझं सत्ताविसावं.

मी म्हणाले, "त्या आठवड्यात कोणीच नाही."

खोलीत कोणी मान वरसुद्धा केली नाही. आमच्या भाषेत ते खरंच होतं. ज्यांची हवा नाही ते कोणीच नसतात. तारीख पक्की झाली, पंधरा ऑक्टोबर, आणि मग चहा आला.

त्यानंतर जाहीर होईपर्यंत सात आठवडे गेले. बाहेर बोलायचं नाही असा कागद आमच्याकडून सही करून घेतलेला असतो, हे तुला ठाऊक आहे. पण मला गुपित फोडायची गरजच नव्हती. "तारीख पुढे ने, का ते विचारू नकोस," एवढं म्हटलं असतं तरी तू नेली असतीस. तू मला कारण विचारणारा नाहीस. त्या सात आठवड्यांत आपण सहा वेळा बोललो, मी मोजलं. एकदा तू मला दोन रंग दाखवून कुठला बरा म्हणून विचारलंस. मी निळा सांगितला.

मग काय झालं ते तुला माहीत आहे. सगळीकडे आमच्याच गेमच्या जाहिरातींचा डोंगर. तुमच्यावर लिहिणार म्हणालेल्या त्या पत्रकाराला मीच गेम आठवडाभर आधी पाठवला होता, साठ तासांचा. त्याला तुमचा उघडायला वेळ कुठून मिळणार? आणि आमच्या गेममध्ये घोडे हवेत तरंगत होते, माणसं भिंतीतून आरपार जात होती. तरी लोकांनी घेतला, कारण तो येण्याआधीच त्यांनी मनाने घेऊन टाकला होता. तुमच्या चाळीस जणांचं कोणी वाईटसुद्धा बोललं नाही. वाईट बोलायला आधी दिसावं लागतं. गेमची चित्रं काढणारी तुझी मैत्रीण आता साबणाच्या खोक्यांवर फुलं काढते असं आईकडून कळलं.

का गप्प बसले, हे मी स्वतःला इतके दिवस 'नोकरी' असं सांगत आले. ते अर्धंच आहे. खरं कारण जास्त वाईट आहे. मला वाटलं होतं, तुझा गेम तसाही चालायचा नाही. मग कुठल्याही आठवड्यात आला म्हणून काय बिघडलं? हे मी न बघता ठरवलं. लोक न बघता विकत घेतात म्हणून मी त्यांना हसते, आणि मी न बघता तुला मोडीत काढलं.

हे सगळं शनिवारीच आईला सांगितलं. तिने माउस बाजूला ठेवला. मी त्या सहीच्या कागदाचं बोलायला लागले तेव्हा म्हणाली, "ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ही आमचीही शपथ होती. तीस वर्षं पाळली. पण एकदा धरणाचं पाणी सोडणार म्हणून ऐकलं, तेव्हा मी खालच्या वस्तीत चार घरी फोन जोडून सांगितलं होतं. शपथेमुळे गप्प बसले असं मला नको सांगूस." मग उठून गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. काल माझ्या ताटात न विचारता वाढलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

सोमवारी बाईंनी माझ्याकडून ट्रेलरची पहिली ओळ मागितली. "सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला गेम, असं काहीतरी. का सुटला, ते जरा रंगव." मी तासभर रिकाम्या पानासमोर बसले आणि मग त्यांच्या केबिनमध्ये जाऊन का सुटला ते सांगितलं. मीटिंग, यादी, सत्ताविसावं नाव, सगळं. मला वाटलं, काढून टाकतील. खरं सांगायचं तर, टाकलं तर सुटले असंही वाटलं.

बाईंचे डोळे चमकले. "अगं, मग हेच घेऊ की! सख्ख्या बहिणीने भावाचा गेम बुडवला आणि आता तीच वर काढतेय. तू रड थोडी कॅमेऱ्यासमोर. याची हवा काय होईल तुला कल्पना आहे?"

त्या दुष्ट नाहीत रे. दमलेल्या आहेत, माझ्यासारख्याच. त्यांना आता प्रत्येक गोष्ट ट्रेलरएवढीच दिसते. मी म्हणाले, "ही गोष्ट माझ्या भावाला अजून सांगितलेली नाही. त्याच्या आधी ती कोणाला विकणार नाही. आणि नंतरही नाही." त्या म्हणाल्या, "बघ, विचार कर." मी केला नाही.

तेव्हा आता तुझ्यासमोर सगळं आहे. तुझा होकार मी ऑफिसात पोचवलेला नाही. तो तू मला दिला होतास, जिला यातलं कळतं तिला. आता नव्याने ठरव. हो म्हटलंस तर आईला घेऊन आणि माझी गोष्ट वगळून करू, मी जीव ओतून काम करीन. पण फसवणार नाही: ही हवा फार तर तीन आठवडे टिकते, मग दुसऱ्या कोणाची सुरू होते. त्या तीन आठवड्यांत काही हजार लोक त्या बोर्डासमोर बसतील, एवढं मात्र खरं. माझ्याशिवाय करायचं असेल तर ऑफिसातली दुसरी एक मुलगी आहे, प्रामाणिक आहे, तिला सांगेन आणि बाजूला होईन. नाही म्हटलंस तर नाही. मी कारण विचारणार नाही.

वीस तारीख ऑफिसची आहे. तुला जास्त वेळ लागला तर लागू दे, बाईंना काय सांगायचं ते मी बघते.

रविवारी दुपारी आई तुला फोन करणार आहे. उचल. मी तेव्हा मुद्दाम बाहेर जाईन, म्हणजे तुला मोकळेपणी बोलता येईल, माझ्याबद्दलही. परत आल्यावर तिला काही विचारणार नाही.

पत्राच्या शेवटी 'तुझी' लिहायचं का, यावर बराच वेळ गेला. मागच्या वेळी मी ते गाळलं होतं, तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आज लिहिते. खोडायचा हक्क तुझा.

तुझी
ताई